हागारला परत का पाठवलं? एका गोष्टीची २,००० वर्षांची ख्रिस्ती वाचनं

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांना ऐकलेलं परत शांतपणे बघायचंय, त्यांच्यासाठी. मधले 'अं', 'तर', आणि रेकॉर्डिंगमध्ये शिरलेली कुकरची शिट्टी तेवढी काढली आहे.

सध्या आपण बायबलमधल्या मूळपुरुषांच्या घरांकडे बघतोय. आज नंबर अब्राहामाच्या घराचा. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान, तिघेही त्याला आपला म्हणतात. पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय त्याच्या घरातली दासी, हागार.

आणि आजचा प्रश्न एकच. मालकिणीचा छळ सोसवेना म्हणून एक गरोदर दासी पळून जाते. वाळवंटात तिला देवाचा दूत भेटतो आणि सांगतो, मालकिणीकडे परत जा, तिच्या ताब्यात रहा. हे सांगणं सगळ्यांसाठी, सगळ्या काळांसाठी आहे का?

ख्रिस्ती वाचकांनी या गोष्टीची २,००० वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली. प्रत्येक उत्तराचा परिणाम कुठल्या तरी जिवंत माणसावर झाला. म्हणून हा विषय फक्त चर्चमधल्यांचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी गोष्ट काय आहे ते बघू

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती. त्याचे १६ आणि २१ हे दोन अध्याय आपल्या कामाचे.

अब्राम आणि साराय (पुढे त्यांचीच नावं अब्राहाम आणि सारा होतात) कनान देशात येऊन १० वर्षं झालीत. देवाने वंश वाढवण्याचं वचन दिलंय, पण मूल नाही. साराय आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला देते. हिच्यापासून मूल झालं तर ते माझं धरलं जाईल, असा तिचा हिशोब. हागारला दिवस जातात आणि घरातलं वारं फिरतं. दासी आता मालकिणीला मान देईनाशी होते. साराय नवऱ्याकडे तक्रार करते. अब्राम हात झटकतो: दासी तुझी आहे, तुला हवं ते कर. साराय तिला इतकं छळते की ती पळून जाते.

शूरच्या वाटेवर, एका झऱ्यापाशी, दूत तिला गाठतो. कुठून आलीस, कुठे चाललीस, असं विचारतो. मग परत जायला सांगतो. त्याबरोबर वचनही देतो: तुझे वंशज मोजता येणार नाहीत इतके होतील, मुलाचं नाव इश्माएल ठेव. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. हागार परत जाते. इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा आहे.

पुढे अब्राहाम १०० वर्षांचा असताना साराला स्वतःचा मुलगा होतो, इसहाक. त्याचं दूध तोडतात त्या दिवशी मोठी मेजवानी होते. तिथे सारा इश्माएलला काहीतरी करताना बघते (काय, ते पुढे सांगतो) आणि म्हणते, ह्या दासीला आणि तिच्या पोराला हाकलून द्या, माझ्या मुलाच्या वाट्यात हा नको. अब्राहामाला वाईट वाटतं. देव त्याला सांगतो की साराचं ऐक, मी त्या मुलाचंही राष्ट्र करीन. पहाटे अब्राहाम हागारला भाकर आणि पाण्याची कातडी पिशवी देऊन वाटेला लावतो.

बैर-शेबाच्या रानात पाणी संपतं. हागार मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवणार नाही. ती रडते. देव मुलाचा आवाज ऐकतो, हागारचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. मुलगा जगतो, तिरंदाज होतो, आणि आई त्याला मिसर देशातली बायको करून देते.

आपल्याकडे 'दासीपुत्र' म्हटलं की विदुर आठवतो. बाप तोच, अक्कल सगळ्यांहून जास्त, पण आई दासी म्हणून गादीचा प्रश्नच नाही. तीच गाठ इथेही आहे. भांडण वरवर दोन बायकांचं दिसतं, खाली वारसाहक्काचं आहे.

त्या काळचा कायदा

सारायने काही जगावेगळं केलं नव्हतं. इराकमध्ये किर्कूकजवळ नुझी नावाच्या प्राचीन गावात मातीच्या पाट्या सापडल्या, साधारण इसवी सनापूर्वी १५ व्या शतकातल्या. त्यातल्या एका लग्नाच्या करारात अट आहे की बायकोला मूल झालं नाही तर तिने नवऱ्याला दासी आणून द्यायची. त्याहून जुन्या हम्मुराबीच्या कायद्यात, १४६ व्या कलमात, विशिष्ट दर्जाच्या पत्नीने दिलेली दासी मूल झाल्यावर स्वतःला मालकिणीच्या बरोबरीची समजू लागली तर काय करायचं तेही लिहिलंय: तिला विकता येत नाही, पण पुन्हा दासींमध्ये मोजता येतं.

म्हणजे हा तंटा इतका नेहमीचा होता की त्यासाठी कलम करावं लागलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, हागार मोलकरीण नाही. मोलकरणीला पगार असतो, ती काम सोडू शकते. हागारला विचारलेलं कुठेच नाही, ना मूल हवंय का म्हणून, ना अब्राम हवाय का म्हणून.

मजकुरातल्या खुणा

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. जुना कोड हातात आला की आम्ही दोन प्रश्न वेगळे ठेवतो: हा कोड प्रत्यक्षात काय करतो, आणि लोक तो कशासाठी वापरतायत. दोन्हीची उत्तरं कधीकधी फार लांब असतात. तीच सवय इथे लावू. आधी मजकूर काय करतो ते बघू.

पहिली खूण. अब्राम आणि साराय हागारचं नाव एकदाही घेत नाहीत. कायम 'दासी'. तिला नावाने पहिली हाक मारतो तो दूत.

दुसरी खूण. संपूर्ण बायबलमध्ये 'परमेश्वराचा दूत' पहिल्यांदा दिसतो तो इथे, एका परदेशी दासीपुढे. असंख्य वंशजांचं वचन थेट मिळालेली पहिली बाईही तीच. आणि देवाला स्वतःहून नाव देणारी बायबलमधली पहिली व्यक्तीही तीच. ती त्याला 'एल-रोई' म्हणते, म्हणजे 'मला पाहणारा देव'. त्या विहिरीचं नाव त्यावरूनच पडतं, बैर-लहाय-रोई.

तिसरी खूण. सारायने हागारला 'छळलं' यासाठी हिब्रूत जे क्रियापद आहे, तेच पुढे निर्गमाच्या पुस्तकात मिसरी लोक इस्राएलांना छळतात तिथे येतं. हागारच्या गोष्टीच्या आदल्याच अध्यायात देव अब्रामला सांगतो की तुझे वंशज परक्या देशात ४०० वर्षं गुलाम होतील, छळले जातील. तिथेही तेच क्रियापद. म्हणजे इस्राएलांना मिसरात जे सोसावं लागणार, ते आधी एका मिसरी बाईने इस्राएलांच्या पहिल्या घरात सोसलं. हा योगायोग मला वाटत नाही.

चौथी खूण. मेजवानीत इश्माएल काय करत होता? हिब्रू शब्दाचं मूळ 'हसणं' आहे, आणि इसहाकाचं नावही त्याच मूळातून आलंय. तो हसत होता, खेळत होता, की टिंगल करत होता? मूळ शब्दात तिन्ही बसतात. जुन्या ग्रीक भाषांतरात 'इसहाकाबरोबर खेळत होता' असं आहे. पुढे पौल म्हणतो की त्याने छळ केला. एका शब्दाचा प्रवास बघा: हसणं, खेळणं, टिंगल, छळ. शब्द जितका कडक, तितकी हकालपट्टी रास्त वाटते.

आणखी एक गंमत. हिशोब केला तर हाकललं तेव्हा इश्माएल १६-१७ वर्षांचा निघतो. पण गोष्टीत आई त्याला झुडपाखाली ठेवते, जणू लहान मूल. अनेक अभ्यासक यावरून म्हणतात की दोन वेगळ्या परंपरांतल्या कथा इथे एकत्र आल्या आहेत. दोन ब्रँच मर्ज केल्या की तारखा अशाच जुळत नाहीत.

पौल गोष्ट उलटी करतो

आता ख्रिस्ती वाचन सुरू होतं. इसवी सनाच्या ५० च्या दशकात पौल गलतीकरांना पत्र लिहितो. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग. तिथले नवे ख्रिस्ती जन्माने यहुदी नव्हते. पौल गेल्यावर दुसरे प्रचारक आले आणि म्हणाले, अब्राहामाचे खरे वंशज व्हायचं असेल तर सुंता करा, नियमशास्त्र पाळा.

पौल चिडला. पत्राच्या ४ थ्या अध्यायात तो हागार आणि सारा यांना रूपक म्हणून घेतो. दोन बायका म्हणजे दोन करार. हागार म्हणजे सीनाय पर्वत, जिथे नियमशास्त्र मिळालं, आणि आत्ताचं यरुशलेम: गुलामी. स्वतंत्र स्त्री म्हणजे वरचं यरुशलेम: मोकळीक. विश्वास ठेवणारे तुम्ही सगळे त्या स्वतंत्र स्त्रीची मुलं.

यात किती मोठी उलटापालट आहे बघा. सीनायवर नियमशास्त्र मिळालं ते साराच्या वंशजांना. पौल ते उचलून हागारच्या पारड्यात टाकतो. तो असं का करतो? सी. के. बॅरेट या ब्रिटिश अभ्यासकाने १९७६ मध्ये मांडलं की ही गोष्ट आधी विरोधकांनीच काढली असणार: सारा आमची, हागार तुमची, सुंता नसलेले तुम्ही बाहेरचे. पौल त्यांचाच पत्ता उलटा टाकतोय. हे पटण्यासारखं आहे, कारण वरवर वाचलं तर गोष्ट विरोधकांच्या बाजूची आहे.

पौल स्वतः यहुदी होता. तो एका घरातल्या वादात बोलत होता, बाजू कमजोर असलेल्यांसाठी. पण लिहिलेला शब्द लेखकाबरोबर राहत नाही. पुढे चर्च ताकदवान झालं, आणि तेच रूपक एका धर्माने दुसऱ्याला सांगायला वापरलं: तुम्ही दासीची मुलं, आम्ही घरची. हकालपट्टीचं वाक्य यहुद्यांवर फिरवलं गेलं.

आणि खऱ्या हागारचं काय झालं? ती नाहीशी झाली. ती आता बाई राहिली नाही, चिन्ह झाली. चिन्हाला तहान लागत नाही.

शाळा, विहीर आणि एक शिक्षक

चिन्ह सगळेच वाईट अर्थाने वापरत नव्हते. पौलाच्याच काळात अलेक्झांड्रियात फिलो नावाचा यहुदी तत्त्वज्ञ होता. त्याच्या वाचनात हागार म्हणजे व्याकरण, भूमिती, संगीत असे शालेय विषय आणि सारा म्हणजे शहाणपण. आधी शाळा शिका, मग शहाणपणाला फळ येतं, पण शाळेतच अडकून पडू नका. हे वाचन दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती लोकांसाठी उचललं. ग्रीक विद्या शिकावी की नाही, या त्यांच्या वादात ते उपयोगी पडलं.

तिसऱ्या शतकात ओरिजेनने हागारच्या विहिरीवर प्रवचन दिलं. विहीर तर तिथेच होती, डोळे उघडल्यावर दिसली. त्याच्या मते शास्त्र म्हणजे ती विहीर. सुंदर कल्पना. पण लगेच तो म्हणतो की यहुदी विहिरीशेजारी बसलेत आणि त्यांना पाणी दिसत नाही. सुंदर कल्पनेला काटा फुटतो तो असा.

अंत्युखियाकडची मंडळी मात्र रूपकांना जरा जपून होती. चौथ्या शतकाच्या शेवटी जॉन क्रिसोस्तोमने गलतीकरांच्या पत्रावर बोलताना म्हटलं की पौलाने 'रूपक' हा शब्द सैलपणे वापरलाय. घटना खरोखर घडली, आणि शिवाय तिच्यातून पुढचं काही सुचतं, एवढाच त्याचा अर्थ. फरक बारीक वाटेल, पण महत्त्वाचा आहे. गोष्ट आधी गोष्ट म्हणून खरी मानली तर हागारही आधी माणूस म्हणून समोर येते.

ऑगस्टीन: रूपकाच्या हातात दंडुका

आता उत्तर आफ्रिकेत येऊ. तिथे चर्चमध्ये मोठी फूट पडली होती. सन ३०३ मध्ये सुरू झालेल्या रोमन छळात ज्या धर्माधिकाऱ्यांनी भिऊन पवित्र ग्रंथ सरकारला सोपवले, त्यांना मानायचं का? डोनाटिस्ट म्हणवले जाणारे म्हणाले, मुळीच नाही. शंभर वर्षांनंतर बादशाही सरकार त्यांना दंड करून, मालमत्ता जप्त करून मुख्य चर्चमध्ये आणू लागलं.

डोनाटिस्टांचा युक्तिवाद सरळ होता: ज्याचा छळ होतो तेच खरं चर्च. ऑगस्टीन सुरुवातीला सक्तीच्या विरोधात होता, पुढे त्याचं मत बदललं. सन ४०८ आणि ४१७ च्या सुमाराच्या पत्रांत तो हागारला साक्षीला बोलावतो. साराने हागारला छळलं ना? मग चर्च कोणतं, छळणारी सारा की छळ सोसणारी हागार? पौलाने तर साराला चर्च म्हटलंय. म्हणजे छळ सोसला एवढ्याने कोणी खरा ठरत नाही, आणि शिक्षा केली एवढ्याने कोणी खोटा ठरत नाही.

युक्तिवाद म्हणून बघितलं तर घट्ट बसतो. पण काय झालं ते बघा. मूळ गोष्ट जिथे साराच्या वागण्याला तेच क्रियापद देते जे मिसरी जुलमाला दिलंय, तिथे ऑगस्टीन तिचं वागणं शिस्त म्हणून घेतो. रूपक एवढा वेळ कागदावर होतं. आता त्याच्या मागे सरकार उभं राहिलं.

एका जमातीला चिकटलेलं नाव

इश्माएल अरबांचा पूर्वज मानला जात होता, त्यामुळे वाळवंटातल्या अरब टोळ्यांना ख्रिस्ती लेखक 'इश्माएली' आणि 'हागारीन' म्हणू लागले, इस्लामच्याही आधीपासून. चौथ्या-पाचव्या शतकात जेरोमने तर म्हटलं की 'सारासेन' हे नाव त्यांनी खोटंच घेतलं, साराचे वंशज दाखवायला, खरे ते हागारचे. आठव्या शतकात दमास्कसचा जॉन मुसलमानांसाठी हीच नावं वापरतो. मध्ययुगात ती शिवीसारखी रूढ झाली.

ज्यांना ती नावं चिकटवली, ते हागारकडे कसे बघत होते? मुस्लिम परंपरेत ती हाजर, मान असलेली आई. मुलासाठी पाणी शोधत तिने सफा आणि मरवा टेकड्यांमध्ये धावाधाव केली, आणि झमझमचा झरा मिळाला. आजही हजला गेलेला प्रत्येक जण, राजा असो की रिक्षावाला, त्या दोन टेकड्यांमध्ये ७ फेऱ्या घालतो. एका दासीच्या धावपळीची वाट लाखो लोक चालतात. तुमच्या शेजारी कोणी हज करून आलं असेल तर जरूर विचारा, सांगतील.

यहुदी परंपरेतही सगळे साराच्या बाजूने नव्हते. १३ व्या शतकात स्पेनमधल्या नाहमानिदेस या मोठ्या भाष्यकाराने स्पष्ट लिहिलं की हागारला छळण्यात साराचं पाप झालं, आणि होऊ देण्यात अब्राहामाचंही. यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात जो भाग वाचतात, त्यात हागारला हाकलल्याची गोष्ट येते.

ल्यूथर आणि कॅल्विन: एकाच वाक्याचे दोन अर्धे

१६ व्या शतकात सुधारणेच्या चळवळीत लोक पुन्हा मूळ गोष्टीकडे वळले. मार्टिन ल्यूथरने १५३५ ते १५४५ उत्पत्तीवर व्याख्यानं दिली. रूपकं त्याला फारशी आवडत नसत. हकालपट्टीच्या प्रसंगाशी आल्यावर तो थांबतो आणि म्हणतो की कोरड्या डोळ्यांनी हे वाचणं कठीण आहे. इश्माएल आणि त्याच्या वंशजांतले अनेक जण देवाच्या खऱ्या मंडळीत आले, असंही तो मानतो.

जॉन कॅल्विनचं १५५४ चं भाष्य कडक आहे. तो सारा आणि अब्राहाम यांनाही सोडत नाही. दुसरी बाई घरात आणली हीच मूळ चूक, असं तो म्हणतो. पण हागारच्या पळून जाण्याला तो बंडखोरी मानतो. दूत तिला 'सारायची दासी' म्हणतो, म्हणजे तिची जागा तिला आठवण करून देतो, असं त्याचं वाचन.

आता मजा बघा. दूताच्या हाकेत दोन शब्दगट आहेत: 'हागार' आणि 'सारायची दासी'. कॅल्विनने दुसरा अर्धा ऐकला. आपण वर पहिली खूण बघितली तिथे पहिला अर्धा ऐकला, की कोणीतरी एकदाचं तिला नावाने हाक मारली. वाक्य तेच. वाचणारा कुठे उभा आहे त्यावर कानात काय पडतं ते ठरतं.

अमेरिका, १८५०

'परत जा' या शब्दांची सगळ्यात मोठी किंमत इथे मोजली गेली. १८५० मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांबद्दलचा कायदा झाला. गुलामी नसलेल्या राज्यांतही पळून आलेला माणूस पकडून मालकाला परत द्यावा लागे. गुलामीच्या बाजूचे धर्मोपदेशक व्यासपीठावरून सांगत: देवाच्या दूतानेच हागारला मालकिणीकडे परत पाठवलं, पौलानेही अनेसिमाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवलं. मग तुम्ही कोण अडवणारे?

गुलामीच्या विरोधकांनी बायबलनेच उत्तर दिलं. अनुवाद या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात सरळ नियम आहे: मालकापासून पळून तुमच्याकडे आलेल्या दासाला परत देऊ नका, तो म्हणेल तिथे त्याला राहू द्या, त्याला छळू नका. म्हणजे एका बाजूला एका बाईला, एका प्रसंगी सांगितलेली गोष्ट आहे, आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांना सांगितलेला कायदा. उपदेशकांनी अपवाद उचलून नियम केला आणि नियम बाजूला ठेवला.

स्वतः गुलाम असलेल्यांनी हागारला वेगळंच ओळखलं. परकी, काळ्या खंडातली, मालकाच्या मुलाची आई, मूल घेऊन वाऱ्यावर सोडलेली: हे त्यांच्या घराघरातलं होतं. कृष्णवर्णीय समाजात स्वतःला 'हागार मावशीची लेकरं' म्हणायची पद्धत पडली. १८७५ मध्ये एडमोनिया लुईस या आफ्रिकी-अमेरिकी आणि मूलनिवासी वंशाच्या शिल्पकर्तीने संगमरवरात हागार घडवली, हात जोडून चालणारी. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुढे अभ्यासकही या दिशेने आले. १९८४ मध्ये फिलिस ट्रिबलने बायबलमधल्या चार भयंकर कथांवरच्या पुस्तकात हागारला पहिलं स्थान दिलं. १९९३ मध्ये डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ बाईंनी एक अवघड गोष्ट मांडली. त्या म्हणाल्या, प्रामाणिकपणे वाचा: देव हागारला मुक्त करत नाही. पहिल्यांदा तर परतच पाठवतो. पण तो तिला जगायला लागणारं काहीतरी देतो, आधी आसरा आणि मग पाणी. मुक्ती आणि तग धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक बायकांचा देव दुसऱ्या प्रकारचा असतो. गोड बोलून प्रश्न मिटवण्यापेक्षा हे उत्तर मला जास्त खरं वाटतं.

मराठीत ही गोष्ट

मराठीला या मूळपुरुषांची ओळख जुनी आहे. थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, हजारो ओव्यांत. त्याचा पहिला भाग जुन्या कराराचा. ओवीची सवय असलेल्या कानांना अब्राहामाचं घर ओवीतूनच भेटलं.

पण हागारचा विषय निघाला की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. ते छापलं केडगावच्या मुक्ती सदनात, तिथल्याच बायकामुलींच्या हातांनी. विधवा, दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या, घराने नाकारलेल्या. हागारच्या गोष्टीचे खिळे जुळवताना त्यांच्यातल्या कोणाच्या मनात काय आलं असेल, कोण जाणे. त्यांना ती गोष्ट दूरची वाटली नसणार, एवढं नक्की.

आणि आता आपल्या घरात या. सासरी मारहाण होते म्हणून मुलगी माहेरी येते. दोन दिवस लाड होतात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, "बाळा, परत जा. जुळवून घे." हे सांगायला आपल्याला बायबल लागत नाही. प्रत्येक धर्मात, प्रत्येक जातीत त्यासाठी कुठलं तरी वचन तयार असतं. म्हणून हागारची गोष्ट कशी वाचायची हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही.

मग वाचायचं कसं?

एवढं सगळं बघून मी तीन प्रश्न काढलेत. कुठल्याही धर्मग्रंथाला लावून बघा.

एक: हे कोणाला सांगितलंय? एका माणसाला एका अडचणीत सांगितलेलं सगळ्यांवर लादता येत नाही, विशेषतः त्याच ग्रंथात सगळ्यांसाठीचा नियम उलटा असेल तेव्हा. गरोदर, एकटी, वाळवंटात, हातात काही नाही, अशा हागारला दूत परत जा म्हणाला. दुसऱ्या वेळी ती आणि मुलगा बाहेर पडले, तेव्हा परत जा कोणी म्हटलं नाही. डोळ्यांपुढे विहीर आली.

दोन: रूपक केल्यावर गोष्टीतल्या माणसाचं काय होतं? पौलाने रूपक केलं तेव्हा त्याच्या बाजूची माणसं दुबळी होती. तेच रूपक बळकटाच्या हातात गेलं की दुसऱ्याला घराबाहेर काढायच्या कामी येतं. रूपक करू नये असं नाही. ज्याचं चिन्ह केलंय तो पुन्हा माणूस म्हणून दिसतोय ना, एवढं तपासावं.

तीन: या वाचनाची किंमत कोण मोजतो? वाचणारा स्वतः मोजत असेल तर एक वेळ ठीक. दरवेळी दुसराच मोजत असेल, डोनाटिस्ट, यहुदी, अरब, गुलाम, सासरहून आलेली मुलगी, तर वाचन परत तपासायला हवं.

जाता जाता उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायातल्या दोन छोट्या ओळींकडे लक्ष देतो, ज्या प्रवचनांत सहसा राहून जातात. अब्राहाम वारतो तेव्हा त्याला मकपेलाच्या गुहेत पुरायला दोघं भाऊ येतात, इसहाक आणि इश्माएल, एकत्र. आणि त्यानंतर इसहाक राहायला जातो ते बैर-लहाय-रोईजवळ. हागारच्या विहिरीपाशी. ज्या वारसासाठी तिला घराबाहेर काढलं, तो शेवटी तिने नाव दिलेल्या पाण्यावर जगला. मूळ लेखकाने यावर काहीच टिप्पणी केलेली नाही. फक्त लिहून ठेवलंय.

तर मंडळी, तुमच्या घरात, चर्चमध्ये, मदरशात, कीर्तनात ही किंवा अशी एखादी गोष्ट कशी सांगितली जाते, ते व्हॉइस नोट करून पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज! पुढच्या भागात याकोबाचं घर: दोन बहिणी, दोन दासी, १२ मुलगे, आणि जिचं नाव यादीत कोणी धरत नाही ती एक मुलगी. भेटू.